टॉम रॉबिन्सनला दोषी ठरवणारे बारा जण आले कुठून?

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीत टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयावर मायेला या गोऱ्या तरुणीवरच्या बलात्काराचा खटला चालतो. तिचं एकविसावं प्रकरण संपलं की वर्गातून हमखास प्रश्न येतो: पुरावा इतका स्पष्ट असताना टॉम रॉबिन्सन दोषी कसा? त्याचा डावा हात लहानपणीच जिनिंगच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. मायेलाच्या चेहऱ्याला मार लागलाय तो उजव्या बाजूला, आणि तिचा बाप भर कोर्टात डाव्या हाताने नाव लिहून दाखवतो. 'तेव्हाचे लोकच तसे होते' असं उत्तर दिलं, तर इतिहास तिथेच निसटतो. त्यापेक्षा उलट विचारावं: निकाल देणारे ते बारा सामान्य नागरिक, म्हणजे ज्युरी, त्या बाकावर आले कसे?

आपल्याकडच्या मुलांना ज्युरी माहीत असते ती फार तर नानावटी खटल्यामुळे. तिथे १९५९मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला, तो न्यायाधीशांना पटला नाही आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. कादंबरी घडते त्या अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मात्र बाराही जणांचं एकमत लागे. तिथल्या कायद्यात कृष्णवर्णीयांना मनाई लिहिलेली नव्हती. ज्युरीत बसणारा पुरुष प्रामाणिक, समंजस आणि समाजात मान असलेला हवा, एवढंच म्हटलं होतं. असा मान कोणाला आहे हे ठरवायचं काम काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ज्युरी कमिशनकडे. सगळी मेख या एका अटीत आहे.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. १८६५मध्ये अमेरिकेत गुलामगिरी संपली आणि पुढची काही वर्षं दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते, निवडूनही येत होते. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली ती याच काळात, १८७३मध्ये. चारच वर्षांनी, १८७७मध्ये, केंद्राचं सैन्य दक्षिणेतून मागे घेतलं गेलं आणि सत्ता पुन्हा जुन्या हातांत गेली. अलाबामाच्या १९०१च्या राज्यघटनेने मतदारासाठी साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली, शिवाय वर्षाला दीड डॉलर मतदान कर लावला. तो थकला की साचत जाई, कमाल ३६ डॉलरपर्यंत. १९३१ साली कापसाचा भाव पौंडाला सहा सेंटांच्याही खाली होता. म्हणजे सगळी थकबाकी भरून एक मत मिळवायला एका गाठीहून (सुमारे पाचशे पौंडांहून) जास्त कापूस. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावं, मग कादंबरीतल्या कनिंगहॅमसारख्या गरीब गोऱ्या शेतकऱ्याची परवडही कळते. या राज्यघटनेपूर्वी अलाबामात सुमारे १ लाख ८१ हजार कृष्णवर्णीय पुरुष मतदानाला पात्र होते. १९०३मध्ये मतदारयादीत तीन हजारसुद्धा उरले नाहीत.

आता स्कॉट्सबरोचा खरा खटला. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामातल्या पेंट रॉक इथे मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवलं गेलं. आरोप दोन गोऱ्या तरुणींवर बलात्काराचा. एप्रिलमध्येच आठ जणांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. पुढच्या खटल्यात, १९३३मध्ये, त्यातल्या एका तरुणीने असं काही घडलंच नव्हतं अशी साक्ष दिली, तरी ज्युरीने दोषीच ठरवलं. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षी ते न्यायाधीशपदाची निवडणूक हरले. मत कोणाला होतं हे कळलं की या पराभवाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

बचावाचे वकील सॅम्युअल लीबोविट्झ यांनी मग थेट ज्युरीच्या यादीलाच हात घातला. काउंटीच्या वहीत काही कृष्णवर्णीयांची नावं होती खरी, पण जुनी यादी संपल्याची खूण म्हणून ओढलेल्या लाल रेघेवर ती चढवलेली होती. म्हणजे रेघ आधीची, नावं नंतरची. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांनी ते पान भिंगातून पाहिलं आणि १ एप्रिल १९३५ रोजी नऊ जणांपैकी एक, क्लॅरन्स नॉरिस, याची शिक्षा रद्द केली. कादंबरीतला खटला उभा राहतो तो त्याच उन्हाळ्यात, आणि कादंबरीतल्या मेकोंब गावच्या ज्युरीच्या बाकावर तरीही बारा गोरे पुरुष आहेत.

कथेचा काळ हा असला तरी लिखाणाचा काळ पुढचा, १९५०च्या दशकातला. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल १९५४चा, एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा खून १९५५चा, माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांचा बस बहिष्कार त्याच डिसेंबरपासूनचा. पुस्तक १९६०मध्ये आलं. पहिले वाचक ते ताज्या बातम्यांसोबत वाचत होते.

या पार्श्वभूमीला दोन तास लागतात आणि ते साक्षी सुरू होतात त्या सतराव्या प्रकरणाच्या आधी द्यावेत. निकालानंतर सांगितलं की ते तळटीपेसारखं वाटतं. वर्णद्वेषी शिवी मोठ्याने वाचायची की नाही, हे पहिल्याच तासाला ठरवून मुलांना सांगून टाकावं. अमेरिकेत डुलूथच्या शाळांनी २०१८मध्ये हे पुस्तक सक्तीच्या वाचनातून काढलं, त्यामागे ही शिवीच होती. सगळ्यात जास्त घसरण होते ती टॉमचा वकील ॲटिकस याच्यापाशी: चांगला वकील भेटला की वर्ग सुखावतो आणि टॉम बाजूला पडतो. तो बोलतो तो जवळपास फक्त साक्षीच्या पिंजऱ्यात. म्हणून सोबत क्लॅरन्स नॉरिसची हकीकत ठेवावी. त्याला राज्याची माफी मिळाली ती १९७६मध्ये. जातीशी तुलना जरूर करावी, पण शेवटी. आधी केली तर मुलं ओळखीचंच लिहितात आणि अलाबामा राहून जातो.

तेविसावं प्रकरण मात्र घाईने उरकू नये. शेजारच्या मिस मॉडीसारखी माणसं ज्युरीत का नसतात, असं ॲटिकसचा मुलगा जेम विचारतो. ती बाई आहे म्हणून, हे ॲटिकसचं उत्तर. बायकांना वगळणारा तो कायदा केंद्रीय न्यायालयाने १९६६मध्ये रद्द केला, पुस्तक आल्यानंतर सहा वर्षांनी.