खाजन संशोधन, गोवा

खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन. महाराष्ट्राच्या कोकणात हिला खारजमीन म्हणतात. मांडवी, झुवारी व इतर नद्यांच्या खाड्यांलगत अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन आहे. गोवा विद्यापीठ 1985 साली सुरू झाले. ताळगाव पठारावरील त्याच्या आवारातून खाली उतरले की थोड्याच अंतरावर खाजने लागतात, पण त्यांचा अभ्यास एका विभागाच्या आवाक्यातला नाही. माती, मासळी, जुने दप्तर आणि कुळांचे हक्क या साऱ्यांचा संबंध मानशीशी येतो.

मानस हे बांधातले लाकडी दारांचे पाणद्वार. भरतीच्या दाबाने दारे मिटतात. ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. दाराच्या खालच्या कडेला शिंपले धरले की फट राहते आणि खारे पाणी पाझरू लागते. म्हणून मातीचा नमुना घेताना मानशीपासूनचे अंतर, भरतीची वेळ आणि उधाण (मोठी भरती) होते की भांग (लहान भरती), हे नोंदवावेच लागते. मे महिन्यातला नमुना आणि जुलैतला नमुना यांची सरासरी काढणे निरर्थक. पावसाने क्षार धुऊन गेल्यावरच इथे कोरगुटासारखे खारवट जमिनीत तग धरणारे भात पेरतात.

नमुने सहसा 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर थरांतून घेतात. सर्वांत जास्त चुका विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारा आकडा, मोजताना होतात. क्षारयुक्त माती ठरवण्याची 4 डेसिसीमेन्स प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या, मातीच्या अर्कासाठी आहे. एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजले तर त्याच मातीचा आकडा काही पटींनी कमी येतो. तो थेट या मर्यादेशी ताडला की खारे शेत कागदावर गोडे ठरते. दुसरी अडचण पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाची. कांदळवनाच्या जुन्या गाळात ते असते. नमुना सावलीत सावकाश वाळवला तर हवेने पायराइटचे आम्ल बनते आणि सामू शेतात होता त्याहून खाली येतो. अशी माती लगेच गोठवावी, नाहीतर 80 ते 85 अंश सेल्सिअसला झटपट वाळवावी. खाजनांशेजारच्या मिठागरांतील क्षारप्रेमी सूक्ष्मजीव हा विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्राचा जुना विषय आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज, मोडी आणि गोंयकानडी (गोव्यातील जुनी कानडी वळणाची लिपी) अशा तीन वाटांनी जावे लागते. 1526 सालच्या पोर्तुगीज महसूल अधिकारी आफोंसो मेशिया यांच्या फोरालात, म्हणजे सनदेत, गावकारीच्या (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) रूढी नोंदलेल्या आहेत, मात्र ती नोंद महसूल खात्याच्या नजरेची आहे, हे विसरून चालत नाही. मोडी कागदांतील तारखांचा इसवी सन काढताना शकात सरसकट 78 मिळवण्याची सवयही घातक. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना बहुधा 79 मिळवावे लागतात, नाहीतर बांधदुरुस्तीचा खर्च एक वर्ष आधीच झालेला दिसतो.

समाजशास्त्रीय पाहणीत मुख्य प्रश्न मानस कोणाच्या हाती, हा असतो. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखभाल गावकारीकडून कूळ संघटनांकडे गेली. मानशीतील मासेमारीची मात्र पावणी, म्हणजे लिलाव, होते. पावणी घेणाऱ्याला खारे पाणी आत आलेले चालते, भात पिकवणाऱ्याला नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावरून (जमिनीच्या हक्कनोंदीवरून) मुलाखतींची यादी केली तर परदेशी गेलेल्यांची नावे मिळतात, शेतात राबणाऱ्या बायका आणि रोज दारे पाहणारा माणूस सुटतो. तो सहसा ओहोटीच्या वेळी मानशीवरच भेटतो, त्यामुळे भरती-ओहोटीचे कोष्टक मुलाखत घेणाऱ्यालाही जवळ ठेवावे लागते.