कॅनरी पिवळाधमक नसतो, आणि बेटांना नावही त्याने दिलेलं नाही

कित्येक वर्षं हेच ऐकतोय, की कॅनरी म्हणजे हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा पक्षी आणि त्याच्यावरूनच अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांचं नाव पडलं. दोन्ही चुकीचं आहे हो!

नाव आधी बेटांचं. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने तिथल्या एका बेटाचं नाव 'कॅनारिया' दिलंय आणि कारण सांगितलंय तिथली मोठमोठी कुत्री, लॅटिनमध्ये कुत्रा म्हणजे कॅनिस. पक्ष्याला नाव बेटांवरून मिळालं.

आता रंग. रानातला कॅनरी जेमतेम 13 सेंटीमीटरचा, पाठ राखाडी-तपकिरी, त्यावर गडद रेघा, नराचं कपाळ आणि छाती हिरवट पिवळी, मादी तर आणखीनच फिकट, त्यामुळे झाडीत बसला की चटकन दिसत पण नाही, आधी गाणं ऐकू येतं मग कुठे शेंड्यावर तो सापडतो. तो पिवळाधमक रंग पिंजऱ्यातला, स्पॅनिश लोकांनी पक्षी युरोपात नेले आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास झाली त्यातून आलेला.

कॅनरी बेटांसोबत अझोर्स आणि मदेरावरही तो मूळचाच. पाइनची जंगलं, फळबागा, बगीचे, झुडपं सगळीकडे राहतो, बिया टिपतो, थव्याने फिरतो. झुडपात वाटीसारखं घरटं, आत फिकट निळसर अंडी. मला तरी हा रेघारेघांचा हिरवटच जास्त सुंदर वाटतो.