गाण्यांचा संग्रह नव्या हार्डडिस्कवर नेण्याआधी हे वाचा

"कॉपी तर शंभर टक्के झाली, मग गाणी वाजत का नाहीत?" असं विचारत दर आठवड्याला कोणी ना कोणी काउंटरवर येतं. मिरजेत कॅसेटी डिजिटल करून देताना आमची ओळख होते ती बहुतेक दर्दी मंडळींशी. त्यांचे संग्रह मोठे असतात आणि जिवापाड जपलेले असतात, म्हणून हे लिहून ठेवलं.

आयट्यून्ससारख्या प्लेयरमध्ये दिसते ती गाण्यांची फक्त वही. कोणतं गाणं कुठल्या डिस्कवर, कुठल्या फोल्डरात आहे, तुम्ही किती तारे दिलेत, कुठल्या प्लेलिस्टमध्ये घातलंत, हे सगळं त्या वहीत. ही वही बहुधा लॅपटॉपमध्येच असते, गाणी मात्र बाहेरच्या डिस्कवर. विंडोज प्रत्येक डिस्कला एक इंग्रजी अक्षर देतं. जुन्या डिस्कचं अक्षर 'ई' होतं आणि नवीला 'एफ' मिळालं, तर वही 'ई'मध्येच शोधत बसते आणि गाण्यापुढे उद्गारचिन्ह येतं.

इथवर काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढे. उद्गारचिन्हं बघून माणूस घाबरतो आणि 'ॲड फोल्डर' करून नवी डिस्क पुन्हा वहीत चढवतो. असंच करून आलेल्या एका काकांच्या यादीत प्रत्येक राग दोनदा होता. जुन्या नोंदीला तारे आणि 'पहाटेचे राग' ही वर्षानुवर्षं लावलेली प्लेलिस्ट, पण ती वाजेना. नवी नोंद वाजायची, पण कोरी. ते निस्तरायला आमचे दोन दिवस गेले. 'ॲड फोल्डर' करण्याआधी आले असते तर पाच मिनिटांत घरी गेले असते.

ती पाच मिनिटांची युक्ती अशी. जुन्या डिस्कवरचे फोल्डर जसेच्या तसे, नावं न बदलता नव्या डिस्कवर कॉपी करा. प्लेयर बंद करा, जुनी डिस्क काढा. मग विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट' या सोयीत जाऊन नव्या डिस्कला जुनीचंच अक्षर द्या. वहीला बदल झाल्याचा पत्ताही लागत नाही. मॅकवर अक्षर नसतं, तिथे डिस्कचं नाव तंतोतंत तेच ठेवायचं. आमच्याकडून नवा संग्रह करून घेणाऱ्यांना आम्ही सुरुवातीपासून 'एम' अक्षर देतो. विंडोज आधीची मोकळी अक्षरं पहिल्यांदा वाटतं आणि 'एम' बरंच नंतर येतं, त्यामुळे मधेच लावलेला पेनड्राइव्ह सहसा ते बळकावत नाही. (मिरजेचा एम, असंही समजा.)

आयट्यून्समधून करायचं असेल तर आधी प्रेफरन्सेसमध्ये मीडिया फोल्डरची जागा नव्या डिस्कवर न्या, मग 'कन्सॉलिडेट फाइल्स' करा. गाण्यांची प्रत नव्या जागी जाते, जुनी जागच्या जागी राहते.

कट-पेस्ट मात्र कधीही नको. मधे वीज गेली किंवा केबल हलली की कुठलं गाणं कुठे राहिलं, ते शोधत बसावं लागतं.

"नुसती कॉपी, त्याला एक दिवस कशाला?" हेही ऐकतो. हिशेब बघा. साठ मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने वेव्हमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलीत) घेतली तर सुमारे ६०० एमबी होते. हजार कॅसेटी म्हणजे ६०० जीबी. यूएसबी २.० वर याला पाच-सहा तास लागतात, ३.० वर चांगली डिस्क असली तरी दीड-दोन तास. त्यानंतर दोन्हीकडची प्रत्येक फाइल पुन्हा वाचून आम्ही ताडून बघतो, त्याला साधारण तितकाच वेळ. विंडोजला लांबलचक नावं कधी कधी झेपत नाहीत. राग, ताल, कलाकार, तारीख, ठिकाण सगळं फाइलच्या नावात घातलेलं असलं की अशा फाइली कॉपीतून सुटतात. त्या याच तपासणीत सापडतात. पैसे घेतो ते मुख्यतः या तपासणीचे.

नवी डिस्क आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. विंडोज आणि मॅक दोन्ही वापरत असाल तर ती एक्सफॅटमध्ये, म्हणजे दोघांनाही वाचता-लिहिता येणाऱ्या पद्धतीने, फॉरमॅट केलेली हवी, ते आम्ही करून देऊ. जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नका. आमच्यासमोर "आता उडवून टाका" म्हणालात तरी आम्ही उडवत नाही, याचा काहींना राग येतो.

येताना दोन्ही डिस्क आणि ज्यावर गाणी ऐकता तो लॅपटॉप आणा, कारण वही त्यात आहे. जुन्या डिस्कची केबलही आणा. तिचं ते रुंद, दोन भागांचं टोक मोबाइलच्या चार्जरला नसतं, आणि दुकानातली आमची केबल बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी डिस्कला लागलेली असते.