गुन्ह्याची गोष्ट विकली, तर पैसा कोणाचा?

कोल्हापुरात बालहत्याकांडाचा विषय निघाला की आजही कट्ट्यावर आवाज चढतात. लहान मुलं पळवून त्यांचे जीव घेणाऱ्या दोघी बहिणींना इथल्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली. दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. समजा, अशा गुन्हेगाराने उद्या आत्मकथा लिहिली, तर मानधन कोणाला?

न्यूयॉर्कला हा प्रश्न १९७७ मध्ये पडला. ‘सन ऑफ सॅम’ या नावाने पत्रं लिहिणारा खुनी डेव्हिड बर्कोविट्झ पकडला गेला आणि त्याची कहाणी लाखोंना विकली जाईल अशी चर्चा उठली. राज्याने घाईघाईने कायदा केला: प्रकाशकाने पैसे गुन्हेगाराला न देता सरकारी मंडळाकडे भरायचे, मंडळाने ते पाच वर्षं राखून ठेवायचे आणि दिवाणी दावा जिंकलेल्या पीडितांना द्यायचे.

ऐकायला चोख. पण १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. कायदा फक्त लिहिण्या-बोलण्याच्या कमाईवर डोळा ठेवत होता आणि त्याला गुन्हा सिद्ध होण्याचीही गरज नव्हती, लेखकाने कबुली दिली तरी पुरे. या हिशेबाने आत्मकथेत शेजाऱ्याच्या बागेतली फळं चोरल्याचं सांगणारे प्राचीन ख्रिस्ती संत ऑगस्टिनही अडकले असते, हे न्यायालयानेच दाखवून दिलं.

२००१ च्या दुरुस्तीत न्यूयॉर्कने पुस्तकाचा नाद सोडला. दोषी ठरलेल्या माणसाकडे वारशातून येवो की आणखी कुठून, १०,००० डॉलरपेक्षा मोठी रक्कम येणार असेल तर पीडितांना कळवायचं; कळल्यापासून तीन वर्षांत त्यांना दावा करता येतो. माझ्या मते खरी करामत या मुदतीत आहे.

कारण आपल्याकडे नेमकं तिथेच घोडं अडतं. असा खास कायदा भारतात नाही. १९९४ मध्ये तमिळनाडूतला खुनी ऑटो शंकर याच्या आत्मकथेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, पण तिथे मुद्दा छपाई आधीच रोखता येईल का, हा होता; न्यायालय नाही म्हणालं. मनी लाँड्रिंगचा कायदा गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेसाठी आहे. गुन्ह्याच्या गोष्टीचं मानधन त्यात बसवायचं तर बरीच ओढाताण करावी लागेल. उरतो १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा. त्याखाली खून झालेल्याचे वारस भरपाई मागू शकतात, पण मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. आत्मकथा लिहून होईपर्यंत बहुधा खटलासुद्धा संपलेला नसतो.