अलास्काला निघण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अलास्काची चौकशी करायला येणारे बहुतेक जण यादी घेऊनच येतात. देनाली (राष्ट्रीय उद्यान आणि त्यातलं शिखर), हिमनद्या, धबधब्यावर मासे पकडणारी अस्वलं, उत्तर ध्रुववृत्त आणि जमलंच तर ध्रुवीय प्रकाश. सुट्टी मात्र दहा दिवसांची. यादीत चुकीचं काहीच नाही, पण दहा दिवसांत ती कोंबली तर विमानतळ आणि बसचे थांबेच जास्त बघून होतात. म्हणून पैसे भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी हे पत्रक एकदा वाचावं, ही विनंती.

अलास्काचं क्षेत्रफळ सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या निम्म्याहून जास्त. राजधानी जुनोला बाहेरून जाणारा रस्ताच नाही. तिथे विमानाने जायचं, नाही तर जहाजाने. नकाशावर अँकरेज आणि फेअरबँक्स बोटभर अंतरावर दिसतात, पण उन्हाळ्यातली रेल्वे त्यासाठी सुमारे बारा तास घेते. (प्रवास सुंदर आहे. फक्त तो दिवस त्यातच जाणार हे धरून चाला.) आमचा सल्ला सरळ आहे: दहा दिवसांत एक भाग, फार तर दोन. अँकरेज, केनाई द्वीपकल्प आणि देनाली एका फेरीत नीट बसतात. त्यात कॅटमाई उद्यानातली अस्वलं हवी असतील, तर दुसरं काहीतरी सोडावं लागेल.

कधी जायचं?

मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवीय प्रकाश एकाच सहलीत दाखवा, असं बरेच जण म्हणतात. ते कोणालाच शक्य नाही, कारण ध्रुवीय प्रकाश दिसायला अंधार लागतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फेअरबँक्सला सूर्य जवळजवळ 22 तास वर असतो आणि उरलेल्या वेळातही आकाश उजळच राहतं. ध्रुवीय प्रकाशासाठी तिथला हंगाम साधारण 21 ऑगस्टपासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत धरतात.

जूनमध्ये दिवस मोठे आणि पाऊस तुलनेने कमी, पण जून-जुलै हे डासांचे महिने आहेत. डोक्यावरून घ्यायची जाळी विनोदी दिसते, पण ती आधी घ्या. कॅटमाईतल्या ब्रुक्स फॉल्स धबधब्यावरची अस्वलं बघायची असतील तर जुलै. आम्हाला स्वतःला निवडायला सांगितलं, तर आम्ही ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरची सुरुवात म्हणू. टुंड्रा (झाडं नसलेला, खुरट्या झुडपांचा प्रदेश) लाल-तांबडा होतो, डास ओसरतात आणि फेअरबँक्सला रात्री अंधार परत येतो. पाऊस अंगावर घ्यायची तयारी हवी, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून बरीच निवासस्थानं बंद होतात. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिनाच जमतो असं म्हणणाऱ्यांना आम्ही आधीच सांगतो की त्या वेळी उंचावर बर्फ असतो आणि निम्म्या सोयी उघडायच्या असतात.

देनाली

उद्यानात रस्ता एकच, 148 किलोमीटरचा. उन्हाळ्यात स्वतःची गाडी पहिल्या 24 किलोमीटरपर्यंतच नेता येते, पुढे उद्यानाच्या बसनेच जावं लागतं. 2021 मध्ये प्रिटी रॉक्स इथे डोंगराचा उतार सरकला आणि रस्ता साधारण 69 व्या किलोमीटरच्या पुढे बंद झाला. तिथे पुलाचं काम हाती घेतलं गेलं. तुमच्या तारखांना बस कुठवर जाणार, हे बुकिंगच्या वेळी आमच्याकडून लेखी घ्या. जुन्या प्रवासवर्णनांत वंडर लेकची (रस्त्याच्या टोकाकडच्या तळ्याची) वर्णनं वाचून त्या भरवशावर येऊ नका.

दुसरी गोष्ट शिखराची. उंची 6,190 मीटर, उत्तर अमेरिकेत सर्वांत उंच. (जानेवारी 2025 पासून सरकारी नकाशांवर शिखराचं नाव माउंट मॅकिन्ली असं आहे, उद्यानाचं नाव देनालीच राहिलं.) एवढा मोठा डोंगर दिसणार कसा नाही, असं वाटतं, पण तो स्वतःचे ढग स्वतःच तयार करतो आणि उन्हाळ्यात येणाऱ्यांपैकी साधारण तीनातल्या एकालाच दिसतो. तिथे किमान दोन रात्री ठेवा. शिखर दिसेल अशी हमी आम्ही देत नाही, आणि जो देईल त्याच्याकडून ती घेऊ नका.

ब्रुक्स फॉल्सची अस्वलं

कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रुक्स कॅम्पला रस्ता नाही. अँकरेजहून किंग सॅल्मन गावाला विमानाने जायचं आणि तिथून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने किंवा बोटीने पुढे. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे रेंजरची शिकवणी. ती चुकवता येत नाही. खाण्याचं काहीही पायवाटेवर न्यायचं नाही, अगदी खिशातलं चॉकलेटसुद्धा. अस्वलापासून किमान 45 मीटर लांब राहायचं. वाटेत अस्वल आलं तर वाट त्याची. ते उठेपर्यंत पुढे जाता येत नाही आणि परतीचं विमान तुमच्यासाठी थांबून राहतं, कधी तासभरसुद्धा. धबधब्याजवळच्या लाकडी मचाणावर एका वेळी 40 जणच घेतात. जुलैत गर्दी असेल तर नाव नोंदवून थांबावं लागतं आणि वर वेळही मोजून मिळतो. ऑगस्टमध्ये बरीच अस्वलं दुसऱ्या नद्यांकडे पांगतात, म्हणून 'ऑगस्टमध्ये स्वस्त पडेल' हा हिशेब इथे चालत नाही.

अस्वल आणि मूस

अस्वल दिसलं तर पळू नका. उभे राहा, शांत आवाजात बोला, हात हलवा, हळूहळू मागे सरका. मूसच्या (हरणाच्या कुळातल्या धिप्पाड प्राण्याच्या) बाबतीत उलट: कान मागे पाडून ते अंगावर आलं, तर पळा आणि झाडाआड जा. अलास्कात अस्वलांपेक्षा मूसमुळे जखमी होणारे जास्त, तरीही लोक मूसजवळ फोटोसाठी जातात. देनालीत अस्वलापासून 275 मीटर आणि मूससारख्या इतर प्राण्यांपासून 23 मीटर अंतर ठेवायचा नियम आहे.

अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानात चालत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. तो अँकरेज किंवा फेअरबँक्सला घ्यायचा आणि परत येताना तिथेच सोडायचा.

अँकरेजजवळच्या टर्नअगेन आर्म या खाडीच्या किनाऱ्यावर ओहोटीत जी करडी, गुळगुळीत जमीन उघडी पडते, तिच्यावर पाय ठेवू नका. ती हिमनदीने दळलेली माती आहे. पाय रुतला की घट्ट धरते, आणि भरती वेगाने येते.

गाडी घ्यायची असेल तर

भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा. बऱ्याच कंपन्या खडीच्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात, आणि ध्रुववृत्त ओलांडणारा डाल्टन हायवे बराचसा खडीचाच आहे. तो 666 किलोमीटरचा रस्ता 1974 मध्ये तेलवाहिनीच्या कामासाठी बांधला आणि आजही तिथे मालट्रकांचंच राज्य आहे. वाटेतल्या कोल्डफूटपासून रस्ता संपतो त्या डेडहॉर्सपर्यंत सुमारे 386 किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. शेवटी पोहोचल्यावरही आर्क्टिक महासागरापर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही, कारण मध्ये तेलक्षेत्र आहे. ध्रुववृत्ताच्या फलकाशी फोटो एवढाच हेतू असेल, तर फेअरबँक्सहून व्हॅनने जाऊन या. गाडी आणि जीव दोन्ही शाबूत राहतील.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि मुलाखतीची तारीख मिळायला वेळ जातो, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी हे काम. जहाज व्हँकुव्हरहून सुटणार असेल किंवा रस्त्याने कॅनडाच्या युकॉन प्रांतातून जायचं असेल, तर कॅनडाचा व्हिसाही वेगळा हवा. अमेरिकेचा आहे म्हणून कॅनडाचा लागत नाही, हा गैरसमज फार जणांचा असतो.

छोटी विमानं आणि तुमचं सामान

धुकं असलं की छोटी विमानं उडत नाहीत, आणि पायलटशी हुज्जत घालून ती उडवता येत नाहीत. अशा टप्प्यानंतर एक दिवस मोकळा ठेवतो तो यासाठी. 'तेवढा एक दिवस कमी करा, खर्च वाचेल' असं कोणी म्हटलं तरी आम्ही तो काढत नाही. प्रवास विमा घेताना हवामानामुळे झालेला उशीर आणि दुर्गम भागातून हवाई मार्गाने रुग्णालयात नेण्याचा खर्च, दोन्ही त्यात आहेत का ते विचारा.

बुकिंगच्या अर्जात आम्ही प्रत्येकाचं वजन विचारतो. संकोच न करता खरं लिहा, कपडे-बुटांसह. विमानात कोण कुठे बसणार आणि किती सामान जाणार, हे त्यावरच ठरतं, आणि धावपट्टीवर पुन्हा काट्यावर उभं करतात ते वेगळंच. मोठी कडक सूटकेस अँकरेजच्या हॉटेलात ठेवायची आणि पुढे मऊ बॅग न्यायची. त्या बॅगेत सुती कपडे कमीत कमी घ्या, कारण भिजलेलं सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. लोकरी थर, वरून पावसाचं जाकीट-पँट, आणि जूनमध्ये जात असाल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी.