खांदा आखडलाय? हात गळ्यात बांधून ठेवू नका

कापूस वेचणीच्या किंवा केळीच्या घडांच्या हंगामात खानदेशात एक सल्ला हमखास फिरतो: ‘खांदा दुखतोय, तर महिनाभर हात हलवूच नका.’

सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो. पडल्यावर, हाड मोडल्यावर किंवा सांधा निखळल्यावर तो योग्यही आहे. पण आखडलेल्या खांद्यात सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसलेलं असतं. हात बांधून ठेवला की ताठरपणा वाढतो. मधुमेह असलेल्यांत हा त्रास जास्त दिसतो, म्हणून साखर तपासून घ्यावी.

घरीच पडताळा. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा पोटापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवा. मग दुसऱ्या कुणाला तोच हात हळूच वळवायला सांगा. त्यांनाही तो वळवता आला नाही, तर सांधा आखडल्याची शक्यता मोठी. त्यांनी वळवला आणि तुमचा तुम्हाला वळत नसेल, तर स्नायू वा त्याची शीर दुखावलेली असू शकते. दोन्ही वेळा डॉक्टरांना दाखवाच.

आखडलेल्या खांद्याला आधी 10-15 मिनिटं शेक द्या. चांगला हात ओट्यावर टेकवून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा, फूटभर रुंदीची वर्तुळं दोन्ही दिशांना 10-10 वेळा. झोका शरीराच्या हालचालीतून यावा. खांद्याने ओढला तर स्नायू ताठतात आणि व्यायाम फुकट जातो. नंतर दुखऱ्या हाताची बोटं भिंतीवरून वर चढवत न्या, पोहोचाल तिथे दर आठवड्याला खडूची खूण करा. दुखणं रात्रभर राहिलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करा.

खांद्यासोबत छातीत दाब, घाम, जबड्यात कळ असेल, तर शेक-व्यायाम सोडून थेट दवाखाना गाठा.