छोटं इंजिन आणि ॲक्सेसरीजचं वजन : खरं काय?

"छोट्या इंजिनच्या पिकअप ट्रकला बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), कॅनोपी (मागच्या हौद्यावरचं छत) लावली की इंजिनचा जीव जातो" हे इतक्या वर्षांपासून ऐकतोय की लोकांना ते खरंच वाटायला लागलंय. पण साधा हिशोब करा ना, गाडी 2000 किलोची आणि सामान 200 किलोचं, म्हणजे वजन 10 टक्के वाढलं, तर गाडीची वेग पकडण्याची ताकद साधारण 9 टक्के कमी होणार, चढावर एखादा गिअर खाली टाकावा लागेल, बस. टर्बो डिझेलला खालच्या आरपीएमलाच भरपूर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) मिळतो, त्यामुळे नुसत्या सीसीवरून काही ठरत नाही.

हायवेवर एका वेगात चालताना तर वजनापेक्षा हवाच जास्त नडते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून टपावरचा रिकामा रॅकसुद्धा मायलेज खातो. मोठे टायर टाकले तर गिअरिंगच बदलतं (चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, म्हणून ओढ कमी पडते) आणि मग शिव्या बिचाऱ्या इंजिनला!

खरी काळजी वेगळीच आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही. समजा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 3 मीटर आहे आणि 100 किलोचा बंपर-विंच पुढच्या ॲक्सलच्या 90 सेंटीमीटर पुढे लटकतोय, तर पुढच्या ॲक्सलवर 100 नाही, 130 किलो वाढतात आणि मागचे 30 कमी होतात. पुढच्या स्प्रिंगा दबतात, ब्रेकिंगचं अंतर वाढतं. शिवाय ॲक्सेसरीज, माणसं, सामान सगळं पेलोडमध्येच (गाडीवर जास्तीत जास्त किती वजन लादता येतं त्या मर्यादेत) मोजायचं असतं, आणि मोठं इंजिन असलं म्हणून ती मर्यादा आपोआप वाढत नाही.